आवतन घेतलेला माणूस

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. माणसंही त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत. मुंजाजी काका मात्र सकाळी उठून खताच्या गोण्या खांद्यावर घ्यायचे आणि गोठ्यातून शेताच्या बांधावर नेऊन टाकायचे. गोण्या संपल्या की त्याच परत गोठ्यात आणायचे. त्या ओझ्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. बैल मारुतीपुढून मिरवून येईपर्यंत त्यांचं हे चालायचं. मग काकू पुरणपोळीचं ताट पुढे ठेवायच्या आणि काका ते सरकवून भाकरी मागायचे.

पारावरची माणसं टोमणा मारायची, "मुंजाजीराव, आज तर बैल बी मोकळा हाय की ओ!"

काका गोणी न उतरवता म्हणायचे, "बैलानं काय केलंय? तेला ऱ्हाऊ द्या मोकळं."

ताडकळसजवळच्या आमच्या गावात त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. काका फार बोलत नसत. मी परभणीला कॉलेजात जायला लागले, आमच्या घरातली पहिलीच, तेव्हापासून मात्र मी सुट्टीला आले की ते हाक मारायचे, "माय, ये. बस. काय शिकवायलेत तिकडं?" मी काहीतरी सांगायची. ते मन लावून ऐकायचे. मला स्वतःला जे नीट कळलेलं नसायचं, तेही त्यांना कळल्यासारखं वाटायचं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या वेळी, त्यांनी मला मस्कतची गोष्ट सांगितली. ते बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळत होते. चोळून झाल्यावर आपल्याकडे बैलाला जे म्हणतात ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे म्या एका माणसाला बी म्हणलो व्हतो."

काका तरुणपणी चार वर्षं मस्कतला बांधकामावर मजूर होते. खोलीत शेजारच्या खाटेवर बांगलादेशचा युसूफ होता, तोही शेतकऱ्याचा मुलगा. रमजानात युसूफ रोजे धरायचा, आणि दुपार झाली की त्याच्या वाट्याच्या सिमेंटच्या गोण्या काका वर चढवायचे. "उपाशी माणसाला जू लावू ने," एवढंच त्यांचं म्हणणं. ईदच्या सकाळी युसूफनं शेवयांची पहिली वाटी काकांच्या हातात दिली. खोलीतले बाकीचे हसले, तेव्हा तो म्हणाला, "आधा रोजा तो इसका है." काका हे सांगताना हसले होते. मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

पुढे पोळा आला. तिथे बैल कुठून आणणार? काकांनी आदल्या संध्याकाळी तूप आणि हळद कालवली आणि युसूफचे खांदे चोळले. "म्हणलं, इथं बैल आपुनच की. दिसभर वझं तर आपुनच व्हायलोय." मग त्याला आवतन दिलं. युसूफला शब्द कळले नाहीत, अर्थ समजावून सांगितल्यावर त्यानं मान डोलवली. काकांनी हेही सांगितलं, की पोळ्याला बैलाला कामाला जुंपत नसतात.

हे सांगायला नको होतं, असं काकांना नंतर आयुष्यभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती. युसूफनं काकांना जिन्याखाली सावलीत बसवलं. "आज तू बैल. बैठ." रमजानातलं त्याला फेडायचं होतं. स्वतःच्या गोण्या आणि काकांच्याही गोण्या तो एकटा चढवत राहिला. दुपारी दोन गोण्यांसकट तो फळीवरून खाली पडला. उजवा खांदा गेला. काकांनी डाळ आणि गूळ आणून पुरण वाटून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. युसूफला दवाखान्यात नेलं आणि पंधरा दिवसांनी गावी पाठवून दिलं. जाताना त्यानं सिगारेटच्या पाकिटावर त्याच्या भावाच्या दुकानाचा नंबर लिहून दिला. डाव्या हातानं लिहिलेले ते वेडेवाकडे आकडे मी पाहिले आहेत.

"आवतन देऊन माणूस उपाशी धाडला म्या," काका म्हणाले. "हात मोडून धाडला."

"मग तुम्ही कधी फोन नाही केला?"

"कोणत्या तोंडानं करू? तेनं विचारलं नसतं काही. म्हणून तर भेव वाटतंय." त्यांनी पाकिटाचा तो तुकडा माझ्याकडे दिला. "तू शिकलेली हायस. तू कर. हात कसा हाय एवढंच इचार. माझ्यावर राग हाय का, ते तेच्या आवाजावरून कळंल तुला."

मी हो म्हणाले. तो तुकडा वहीत ठेवला आणि परभणीला गेले.

मी फोन केला नाही. कारणं आता लिहिताना फार लहान वाटतात. मला हिंदी बोलायची लाज वाटत होती. परदेशातल्या अनोळखी माणसाला काय म्हणायचं, ते सुचत नव्हतं. मग परीक्षा आली. दिवाळीला घरी आले तेव्हा काका भिंतीपलीकडून म्हणाले, "लागला का गं माय फोन?" आणि केला नाही असं सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी म्हणाले, "लागत नाही काका. बंद येतोय."

काका म्हणाले, "बरोबर हाय. कशाला घेईल तो? असू दे. जबाब आला म्हणायचा."

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, विसरले. उन्हाळ्यात त्यांना छातीत दुखायला लागलं आणि परभणीला नेताना वाटेतच ते गेले.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी काकूंच्या अंगणात बसून तो नंबर लावला. पहिल्याच वेळी लागला. दुकानातल्या मुलानं कुणाला तरी हाक मारली. थोड्या वेळानं एक म्हातारा आवाज आला. मी काकांचं आणि गावाचं नाव सांगितलं.

"मुंजा?" तो आवाज एकदम मोठा झाला. "कितना साल लगाया! कल उसका बैल का ईद है क्या? मेरा दावत बाकी है. मुंजा को दो, फोन मुंजा को दो."

मी काकांनी सांगितलेलं तेवढं विचारलं, "आपका हाथ कैसा है?"

"हाथ? कौन सा हाथ?" मग त्याच्या लक्षात आलं. "अरे, वो. ऊपर नहीं जाता. चलता है." त्यानं विचारलं, "मुंजा वही सोचता रहा क्या?"

मी काका गेल्याचं सांगितलं. पलीकडे दुकानातले आवाज ऐकू येत राहिले. काकूंना हिंदी येत नाही. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आज आवतन घ्या. उद्या जेवायला या." दर वर्षी गोठ्यातून त्यांनी ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुरणाचं पहिलं ताट गोठ्यात बैलापुढे ठेवलं आणि त्याचं खाऊन होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. काकांनी रिकाम्या करून ठेवलेल्या गोण्या कोपऱ्यात घडी घालून होत्या.

तो फोन नऊ मिनिटांचा झाला. काकांनी तो मला मागच्या पोळ्याला करायला सांगितला होता.