भाच्याच्या गाडीत वाचलेला कागद

त्या गाडीत बसायचं तर आधी ढुंगण टाकायचं आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. सीट जमिनीपासून वीतभर उंच. गुडघ्यांमुळे पाटावर बसणं मी दहा वर्षांपूर्वी सोडलं, आणि ही एवढी महागाची गाडी मला परत पाटावर बसवत होती.

दार बाजूला उघडत नव्हतं, वर जात होतं. त्यामुळे दार उघडलं की पाऊस सरळ सीटवर. भाच्याने टॉवेल आणला होता. सीट पुसून झाल्यावर मला म्हणाला, "आत्या, चपला जरा बाहेर झटकून घे गो."

"चपला झटकू का पाय काढून ठेवू?"

तो हसला. त्या दिवशी तो माझ्या प्रत्येक बोलण्याला हसत होता, म्हणून मी जरा सावध झाले.

भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेला त्याला सहा वर्षं झाली. आमचं माहेर घोडबंदर रोडला. भातशेती होती, खाडीच्या बाजूला मिठागर होतं. लहानपणी मी त्या मिठाच्या वाफ्यांत अनवाणी काम केलंय. आता तिथे टॉवर आहेत, आणि त्या टॉवरांतून ही गाडी आली. पिवळी, परदेशी, दोन माणसांची. इंजिन मागे. पुढे इतर गाड्यांचं इंजिन असतं तिथे एक खोका आहे, त्यात एक कोबीचा गड्डा आणि माझी पर्स मावेल. मागच्या काचेवर गावदेवीचं नाव लिहिलंय आणि पुढे लिंबू-मिरची लोंबते. मी डोंबिवलीजवळच्या गावात दिलेली. भाचा ठाण्याहून एवढ्या लांब मला न्यायला आला होता. गाडी घेतल्यापासून पावसात त्याने ती कधी बाहेर काढली नव्हती. माझ्यासाठी काढली.

काम एका सहीचं होतं. फोनवर म्हणाला, "बाबांच्या वेळी एक पडीक तुकडा कागदात घालायचा राहिला. तुझी सही लागते. धाकट्या आत्याने गेल्या आठवड्यात अंगठा दिला. तू ये, सही कर, जेवून जा."

आमच्यात असंच चालतं. बापाची जमीन भावाची. बहिणींनी हक्क सोडायचा, भावाने साडीचोळी करायची, आणि माहेरचं दार उघडं ठेवायचं. मीही सोडला. भाऊ कागद घेऊन आला होता, सोबत पेढे आणि हिरवी साडी. मी चौथी शिकलेली, मला वाचता येतं. पण भावाने पुढे केलेला कागद वाचायचा नसतो. वाचला तर त्याचा अर्थ, भावावर भरवसा नाही. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. हात पदराला पुसले आणि तीन ठिकाणी सही केली. नवरा घरात होता, तोही काही बोलला नाही. जमीन गेली याचं मला वाईट वाटत नाही. मी ती कसायला जाणार नव्हते. न वाचता सही केली, एवढं मात्र अधूनमधून आठवतं.

गाडी निघाली तेव्हा गल्लीतली माणसं बाहेर आली. आवाज असा की शेजारणीच्या ओसरीवरची मांजर पळाली. पण वेग म्हणाल तर काही नाही. गतिरोधक आला की भाचा थांबायचा, एक बटण दाबायचा, गाडीचं तोंड थोडं वर यायचं, मग तो तिरकी घालून एकेक चाक उतरवायचा. तोवर मागे सगळे भोंगे वाजवायचे.

"किती पळते ही?" मी विचारलं.

"तीनशेच्या वर."

"आता किती पळतेय?"

"पंधरा," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. "पावसात मागची चाकं सरकतात गो. ताकद जास्त आहे ना."

"माझी सून स्कूटीवरून एव्हाना पोहोचली असती."

कल्याण-शीळ रस्त्याला लागलो आणि पाऊस वाढला. मेट्रोचं काम चालू आहे, अर्धा रस्ता पत्र्यांनी अडवलेला. आम्ही एवढे खाली बसलेलो की शेजारच्या ट्रेलरचं चाक माझ्या डोक्याच्या वर होतं. त्याचे नट मी मोजू शकत होते. एका टँकरने खड्ड्यातलं पाणी उडवलं, ते टपावरून पलीकडे गेलं आणि समोरची काच चहासारखी झाली. भाच्याने वायपर जोरात लावला. तेवढ्यात बाइकवरची दोन पोरं काचेशी आली. "दादा, एकदा आवाज काढ ना." एरवी त्याने काढला असता. त्या दिवशी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, नजर रस्त्यावर. म्हातारीला दवाखान्यात न्यावं तशी तो गाडी चालवत होता, आणि ती म्हातारी मी नव्हते.

काच बंद असल्यामुळे माझ्या पिशवीतल्या सुकटीचा वास सुटला. बहिणीसाठी घेतली होती, परतताना तिच्याकडे जायचं ठरलेलं. भाच्याने आधी एसी वाढवला, मग म्हणाला, "पिशवी पुढे ठेवूया का आत्या?"

"पुढे ठेव नाहीतर डोक्यावर ठेव. थांबशील कुठे?"

शीळफाट्याच्या अलीकडे तो थांबलाच. रस्ता तिथे उतरतो आणि उतारावर पाणी साचलं होतं. रिक्षा जात होत्या, बस जात होत्या. आमची गाडी काठावर उभी.

"किती असेल गो पाणी?"

"रिक्षाच्या चाकाकडे बघ. अर्धं चाक बुडतंय. माझ्या पोटरीएवढं."

"मग नाही जमणार. इंजिनात गेलं तर संपलं सगळं."

त्याने गाडी कडेला घेतली. मागे वळवता येईना, मध्ये दुभाजक. पाणी उतरेपर्यंत बसायचं. वायपर आपटत होता. भाचा फोनवर कुणाला तरी सांगत होता, रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात बाराचा नंबर आहे, अर्धा तास उशीर होईल, साहेबांना थांबवा. त्याच्या सीटच्या मागे प्लास्टिकची फाइल खोचलेली मला दिसली.

"तो कागद दे बघू," मी म्हणाले.

"ऑफिसात वकील देईल ना. फक्त सही करायची."

"बसूनच आहोत. दे."

त्याने दिला. आता त्याला हसता येत नव्हतं.

मी हळू वाचते. बोट ठेवून, ओठ हलवून. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं, वय, धंदा. माझ्यापुढे 'घरकाम' लिहिलं होतं. भाचा मधेच म्हणाला, "आत्या, ती सगळी ठरलेली भाषा असते." मी म्हणाले, "मग मला पाठ होईल." एक लांबलचक शब्द तीनदा वाचला, कळला नाही, सोडून दिला. दुसऱ्या पानावर जमिनीच्या चार दिशा. पूर्वेला नाला. पश्चिमेला गावदेवीचं मंदिर. दक्षिणेला पायवाट. त्याखाली, 'त्यावरील घर, विहीर व झाडझाडोऱ्यासह.'

मंदिर आणि नाल्याच्या मधे पडीक काही नाही. तिथे माझी धाकटी बहीण राहते. दोन खोल्या, पुढे विहीर, मागे शेवगा. लग्नानंतर दोन वर्षांत ती परत आली, नवऱ्याने नांदवली नाही. बापाने तिला त्या खोल्या दिल्या. तोंडी दिल्या. तेव्हापासून ती तिथेच आहे, चाळीस वर्षं झाली असतील.

"हे तिचं घर आहे," मी म्हणाले.

"तिला फ्लॅट देतोय ना बिल्डर. वन बीएचके. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी. ती खूश आहे, विचार तिला."

"फ्लॅट कुणाच्या नावावर?"

तो वायपरकडे बघत राहिला. "सगळंच माझ्या नावावर आहे. कागद एकच असतो. आत्या, मी तिला रस्त्यावर टाकीन का?"

"तू नाही टाकणार."

"मग?"

"तुझी बायको? उद्या तुझा मुलगा? त्याला तिची ओळख तरी आहे का?"

"असं बोलू नको गो. बाबा असते तर तू वाचलंसुद्धा नसतंस."

ते खरं होतं. मला ते लागलं, आणि लागलं तरी खरंच होतं. भाऊ असता तर मी पहिल्या पानावर सही केली असती. कदाचित भावाने तिला सांभाळलंही असतं. पण सांभाळणारा आधी मरतो आणि सांभाळली जाणारी मागे राहते, हे मी माझ्याच सासरी दोनदा पाहिलंय.

"सही मी आज करत नाही," मी म्हणाले. "तिचा फ्लॅट तिच्या नावावर लिहून आण, मग करते. आता मला तिच्याकडे सोड. नाहीतर इथेच उतरते, पाणी पोटरीएवढंच आहे."

त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. आपटून लगेच त्यावरून बोटं फिरवली, काही झालं नाही ना बघायला. मग म्हणाला, "चल, तिलाच विचारू." धाकटी मला समजावेल, असं त्याला वाटलं असणार.

पाणी थोडं उतरलं होतं. त्याने गाडीचं तोंड वर केलं आणि घातली. खालून पत्र्याला पाणी घासत असल्याचा आवाज येत होता. पाणी माझ्या पायाखाली चार बोटांवर होतं आणि मी कोरडी होते. घाबरलेली दोघंही होतो. पलीकडे निघाल्यावर त्याने देवीचं नाव घेतलं. मुंब्र्याच्या बायपासवर आणि पुढे माजिवड्यापर्यंत तो खड्डे चुकवत राहिला.

बहीण छत्री घेऊन बाहेर आली आणि आधी गाडीभोवती फिरली.

"ह्याच्यात बसून आलीस? कंबर शाबूत आहे ना?"

"आहे. घराचा अंगठा दिलास का तू?"

"दिला. पत्रे गळतात गो. रात्रभर तीन टोपं लावून झोपते. पोरगा फ्लॅट देतोय."

"फ्लॅट त्याच्या नावावर आहे."

"मग? माझ्या मागे कोण आहे? त्यालाच तर जाणार."

"तुझ्या मागे जाऊ दे. तोच तुझ्या आधी गेला तर?"

तिने भाच्याकडे बघितलं, परत माझ्याकडे वळली आणि चिडली. "तुझं बरं आहे. मुलं आहेत, स्लॅबचं घर आहे. माझ्या पुढ्यात आलेलं ताट तू कशाला सरकवतेस? तू मोठी शिकलेली."

"चौथी," मी म्हणाले.

भाचा दारातच उभा होता, चपला न काढता. "आत्या, शेवटचं विचारतो."

"मी सांगितलं तुला. एक ओळ घाल, मी उद्या येते. बसने येते."

तो गेला. त्या चिखलाच्या वाटेवर गाडी मागे घेताना खाली दगड घासल्याचा आवाज आला, तरी त्याने उतरून बघितलं नाही. बहिणीने मला चहा दिला, सुकट घेतली, आणि मी निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी रिक्षा, बस, परत रिक्षा करत घरी पोहोचले. चिंब भिजले, दोन दिवस ताप होता.

ह्याला वर्ष होत आलं. ती एक ओळ अजून आलेली नाही. माघात भाच्याच्या मुलीची हळद झाली, गावभर जेवणावळी उठल्या, मला बोलावणं नव्हतं. माहेरचं दार बंद व्हायचं ते या वयात झालं. बिल्डर दर महिन्याला माणूस पाठवतो, तो माझ्या ओट्यावर बसून चहा पितो आणि जातो. त्यालाही मी तेच सांगते.

बहीण मात्र आता फोन करते. पाऊस सुरू झाला की करतेच. पत्रे कुठे कुठे गळतात ते मोजून सांगते आणि मला नावं ठेवते. तुझ्यामुळे मी इथे कुजतेय म्हणते. मी ऐकून घेते. मागच्या आठवड्यात मी माझ्या मुलाला घेऊन गेले आणि पत्र्यांवर नवीन ताडपत्री टाकून आले. तिने शिव्या देत शिडी धरली.