मल्हारीची खूण

दौंडात रेल्वेच्या पुलापलीकडं एका भाड्याच्या खोलीत मल्हारी महानवर राहायचा. कुरकुंभच्या औषधी रसायनांच्या एका कारखान्यात तो ऑपरेटर होता. ऑपरेटर म्हणजे काय, तर आठ तास टाकीपुढं उभं राहायचं, काट्याकडं बघायचं आणि काटा हलला की व्हॉल्व्ह फिरवायचा. या कामात बोलावं लागत नाही, आणि मल्हारीला ते चांगलंच मानवलं होतं. माणूस घुम्या नव्हता. पण चार जणांत बसला की आपण काय बोलावं, याचा विचार करता करता विषय बदलून जायचा आणि त्याचं वाक्य तोंडातच राहायचं.

त्याचा बाप म्हस्कू दोनशे मेंढरांचा धनी होता. कारखाने आले, माळाला तारा लागल्या, मेंढरं विकली आणि पोरगं कारखान्यात पाळीवर गेलं. बायको चांगुणा सत्त्याण्णव साली कावीळ होऊन आठ दिवसांत गेली. एकुलती एक लेक धनश्री दोन वर्षांनी शिरूरला दिली. सासरचं किराणा दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी. तिला वाटेला लावून मल्हारी घरी आला तेव्हा खोलीत स्टोव्ह, खाट आणि तो, एवढंच उरलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती खोली त्याला खायला उठायची. मग तो घोंगडी खांद्यावर टाकायचा आणि उरलासुरला माळ गाठायचा. राखायला काही नाही, पण बसायची सवय मोडत नाही. मेंढरं नसलेल्या माळावर बघायचं तरी काय? तो आपला जमिनीकडं बघायला लागला, आणि जमीन नुसती गजबजलेली निघाली. मुंग्या, तुडतुडे, गवताच्या काडीसारखे नाकतोडे, कोळी. बापाच्या दोनशे मेंढरांतलं प्रत्येक तोंड ओळखणारे त्याचे डोळे कितीतरी दिवसांनी कामाला लागले.

रेल्वेचा एक गार्ड रिटायर होऊन गावी निघाला होता. त्याच्याकडून मल्हारीनं रशियन कॅमेरा घेतला. हातात धरला तर वरवंट्याएवढा जड. दौंडात हौसराव जगतापांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी आणि पासपोर्ट साइज यांत त्यांचं आयुष्य चाललेलं. त्यांनीच एकदा पान जमवता जमवता सांगितलं की लेन्स उलटी करून लावली तर बारीक वस्तू मोठी दिसते. मल्हारीनं कंपनीच्या वर्कशॉपमधल्या टर्नरकडून ॲल्युमिनियमची एक रिंग करून घेतली आणि लेन्स खरोखरच उलटी बसवली. त्यातून त्यानं पहिल्यांदा मुंगीचं तोंड बघितलं तेव्हा तो दचकून मागं सरकला होता.

या प्रकारात फोटो काढणं म्हणजे जिवाचा आटापिटा. केसभर पुढं सरकलं तर डोळा पुसट आणि केसभर मागं आलं तर पाय पुसट. वारा आला की फांदी हलते, श्वास घेतला की आपण हलतो. मल्हारी वाऱ्याच्या बाजूला काठ्या रोवून घोंगडी टांगायचा, आरशाच्या एका तुकड्यानं ऊन वळवायचा आणि श्वास कोंडून बसायचा. छत्तीसच्या रोलात चार फोटो साधले तरी दिवस कारणी लागला म्हणायचा. हे चार फोटो दाखवायचे मात्र कुणाला? पाळीवरच्या पोरांनी एकदा बघितले आणि महिनाभर त्याला ‘डासमामा’ म्हणाले.

त्यानं ते लेकीला दाखवायला नेले. दोन हजार सालची दिवाळी होती. शिरूरच्या घरात जावई, व्याही, विहीणबाई सगळे बसलेले. मल्हारीनं पिशवीतून पाकीट काढलं. व्याह्यांनी एक फोटो हातात धरला, लांब केला, जवळ केला आणि म्हणाले, “पाव्हणं, आमच्या गोदामात बी लई किडं हायती. या एकदा कॅमेरा घिऊन.” सगळे हसले. मल्हारीही हसला. निघताना धनश्री त्याला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, “आबा, ते फोटू ह्यांच्यापुढं नका काढत जाऊ. मागनं मला ऐकावं लागतं.”

ती काही दुष्टपणानं बोलली नव्हती. सासरी नांदणाऱ्या पोरीला किती बाजू सांभाळाव्या लागतात हे मल्हारीला कळत होतं. पण लेकीला आपली लाज वाटते, हे कळल्यावर माणसानं करायचं काय? तो शिरूरला जायचा कमी झाला. ती तर त्याआधीपासूनच दौंडला आली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यानंतर हौसरावांनी त्याला एक छापील अर्ज दिला. पुण्यातली एक निसर्गप्रेमी मंडळी वन्यजीवांच्या फोटोंची स्पर्धा घेत होती. वाघ-बिबटे एका गटात, पक्षी दुसऱ्यात, आणि तिसरा गट किड्यामुंग्यांसारख्या बारीक जिवांचा. निवडलेले फोटो मोठे करून जानेवारीत पुण्यातल्या एका हॉलमध्ये लावणार होते. हौसराव चष्मा सरसावून नियम वाचत गेले. “जीव पकडलेला, मारलेला, बांधलेला किंवा रंगवलेला नसावा. ऐकलं का मल्हारी?”

“मी कशाला रंगवू?” मल्हारी म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

त्या वेळी तरवडाच्या एका झुडपावर कोळ्याची एक हिरवीगार मादी होती आणि मल्हारी तिच्यावर रोज नजर ठेवून होता. शेजारच्या झुडपांवर तसल्याच आणखी दोन. रोज बघायची तर आपली कोणती हे पक्कं असायला हवं. म्हस्कूच्या कळपाची खूण होती उजव्या मांडीवर गेरूची टिकली. मल्हारीनं थेंबभर तेलात गेरू खलला, गवताच्या काडीचं टोक त्यात बुडवलं आणि तिच्या पाठीच्या उजव्या अंगाला मोहरीएवढीही नाही अशी टिकली लावली. तिला कळलंसुद्धा नाही. आता इथं कुणी हसू नये. खूण केलेल्या मेंढराला रंगवलेलं मेंढरू कुणी म्हणतं का? खूण करणं म्हणजे ह्याला धनी आहे, हे रात्री घरी आलं नाही तर कुणीतरी शोधायला निघेल, असं सांगणं. मल्हारीच्या घरात चार पिढ्या खुणेचा अर्थ एवढाच होता.

त्या मादीनं अंड्यांची पिशवी विणली आणि ती तिला चिकटून बसली. तीन आठवडे ती हलली नाही. खाणं नाही, पिणं नाही, अंग नुसतं आटत चाललेलं. दुसरी पाळी असली की मल्हारी सकाळी तिच्यापाशी, पहिली असली की कंपनीच्या बसमधून उतरून थेट तिच्यापाशी. तो तिच्याशी बोलायचासुद्धा. “खा की काहीतरी,” म्हणायचा. “चांगुणा बी अशीच करायची, पोरगी आजारी पडली की.” एका सकाळी तिनं स्वतःच्या तोंडानं पिशवी उसवली आणि फटीतून पहिलं पिल्लू बाहेर आलं. पारदर्शक, टाचणीच्या टोकाएवढं. आईचा एक पाय त्याच्यावर होता. मल्हारीच्या रोलात तेवढे चार फोटो शिल्लक होते. चौथा साधला, आणि अर्जाबरोबर तोच पुण्याला गेला.

डिसेंबरच्या शेवटी पत्र आलं. फोटो निवडला होता. सहा जानेवारीला रविवारी प्रदर्शन, संध्याकाळी बक्षिसं. ‘सकाळीच निगेटिव्ह घेऊन यावे, परीक्षकांना आपल्याशी बोलायचे आहे,’ असं खाली पेनानं लिहिलेलं. हौसराव म्हणाले, “लेका, नंबरात हायेस तू. उगा न्हाई बोलवत कुणी.”

मल्हारीनं शिरूरच्या दुकानात फोन लावला. धनश्री आली.

“फोटू लागणार हाय माझा,” तो म्हणाला. “पुण्यात. भिंतीवर.”

ती म्हणाली, “खरं सांगता आबा? आम्ही येतो. दोघं बी येतो. तीनपर्यंत पोचतो बघा.”

रविवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळची गाडी धरली. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्याला आपला फोटो दिसला. दाराच्या बरोबर समोर, काचेच्या चौकटीत, हातभर रुंद. खाली लिहिलेलं, ‘मल्हारी म्ह. महानवर, दौंड.’ एवढ्या मोठ्या अक्षरांत आपलं नाव त्यानं लग्नपत्रिकेतही वाचलेलं नव्हतं. तो जरा लांब जाऊन उभा राहिला आणि मग पुन्हा दारातून आत आला. धनश्रीला कसं दिसेल ते त्याला बघायचं होतं.

तिघा परीक्षकांपैकी एक वयस्कर बाई होत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी निगेटिव्ह भिंगातून बघितली, पुन्हा बघितली आणि मल्हारीला खुर्ची दिली.

“महानवर, तीस वर्षं मी कोळी बघतेय,” त्या म्हणाल्या. “या जातीच्या पाठीवर असा लाल ठिपका मी कधी पाहिला नाही. पुस्तकातही नाही. तुम्हाला ही मादी नेमकी कुठं सापडली? मला सगळं सांगा. आम्ही येऊन बघू.”

आता खरं तर ‘दिसली तशी काढली’ एवढं म्हणून गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण मल्हारीला कुणी ‘मला सगळं सांगा’ म्हणून किती वर्षं झाली होती! चांगुणा गेल्यापासून तर कुणीच म्हणालं नव्हतं. त्याचा चेहरा फुलला.

“ठिपका न्हाई मॅडम, खूण हाय ती,” तो म्हणाला. “मीच केलीया.”

आणि मग तो बोलत सुटला. गेरू कसा खलला, काडी कसली घेतली, बाप खूण कुठं करायचा, तीन माद्यांमधली ही कशी, ती तीन आठवडे उपाशी कशी बसली. सलग दहा मिनिटं बोलला. कुणी विषय बदलला नाही, कुणी मध्ये हसलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड केव्हाच गेला होता, पण तो बोलण्याच्या नादात होता. त्याला ते शेवटी दिसलं.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी भिंग मिटलं आणि निगेटिव्ह पाकिटात परत घातली. “महानवर,” त्या म्हणाल्या, “फोटो फार सुंदर आहे. आम्ही तिघांनीही पहिला नंबर याच फोटोला दिला होता. पण जिवाला रंग लावलेला चालत नाही. तो नियमच आहे. मला फोटो उतरवावा लागेल.”

“रंग न्हाई लावला मी,” मल्हारी म्हणाला. “खूण केली.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मला कळलं ते.”

बारा वाजता दोन पोरांनी स्टुलावर चढून चौकट उतरवली. नावाची पट्टीही काढली. समोरच्या भिंतीवर दोन खिळे तेवढे राहिले, आणि थोड्या वेळानं कुणीतरी तिथं खंड्याचा फोटो आणून लावला.

मल्हारी फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. लेकीला आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जावयासमोर तिची मान खाली जाईल. मग घरी गेल्यावर व्याही, विहीणबाई, सगळ्यांच्या तोंडी तेच. काय सांगायचं? प्रदर्शन लवकर बंद झालं? हॉल बदलला? प्रत्येक रिक्षा थांबली की तो वाकून आत बघायचा. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. आत टाळ्या सुरू झाल्या. येऊ नको बाई, तो मनात म्हणत होता, आज येऊ नको. दोन वर्षं ज्या पोरीची वाट बघितली, तिनं येऊ नये म्हणून तो तिथं उन्हात उभा होता.

ती आली नाही. सहाला हॉलचे दिवे गेले तेव्हा मल्हारीला अगदी हायसं वाटलं. तो स्टेशनकडं चालायला लागला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि मग, पोरगी आली नाही म्हणून आपल्याला बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं. तिथंच एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. त्याला रडू आलं नाही, पण उठवेनासं झालं. त्यापायी त्याची एक गाडी चुकली.

दौंडला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या एसटीडी बूथवरून त्यानं फोन लावला.

“आबा!” धनश्रीच बोलत होती. “सकाळपासनं जीव नुसता वरखाली व्हतोय. आत्याबाई जिन्यावरनं पडल्या, पाय सुजला. मग कशाचं निघणं व्हतंय? रागावलात व्हय?”

“न्हाई गं. रागवायचं काय त्यात.”

“आन् फोटू? लागला का?”

बूथच्या काचेबाहेर माणसं सोलापूरच्या गाडीकडं धावत होती. मल्हारीनं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

“लागला की,” तो म्हणाला. “दाराच्या समोरच लागला. लई माणसं हुती.”

“अहो, ऐकलं का!” ती पलीकडं ओरडली. रिसीव्हर बाजूला धरला असावा, पण आवाज स्वच्छ येत होता. “आबांचा फोटू लागला पुण्यात! दाराच्या समोर! मी म्हनलं नव्हतं तुमाला?” मागं व्याह्यांचा आवाज आला, जावयाचा आला, आणि सगळ्यांच्या वर तिचा आवाज होता. एवढ्या ताठ्यानं ती बापाबद्दल बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

ती पुन्हा फोनवर आली. “आबा, मामंजी म्हणत्यात, पेपरात यील. कात्रण ठिवा हां जपून. आम्हाला दुकानात लावायचंय.”

“ठिवतो,” मल्हारी म्हणाला. मग त्यानं जेवलीस का ते विचारलं.