पाच, सहा, सात

लेकीच्या लग्नात आईबापानं नाचायचं, हे खूळ आमच्या वडनेरला नवीनच. होणारे व्याही पुण्याचे, त्यांच्या घरात म्हणे सगळ्यांना सालसा येतो. आम्हाला न विचारता लेक तिकडे "आईबाबाही नाचतील" असं सांगून मोकळी झाली. मग आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच वाजता, आम्ही हिंगणघाटला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जायला लागलो.

शिकवणारे सर नागपुरात कुठंतरी सहा महिने शिकून आलेले. अंगात काळा तंग शर्ट आणि दर वाक्याला "फील करा". काय फील करायचं ते त्यांनाही ठाऊक नसावं. बाकीची चार जोडपी म्हणजे तर आनंदीआनंद. पुरुष बायकोचा हात असा धरायचे, जसं तापलेलं पातेलं उचलायचंय. बाया पदर खोचून, पाढे म्हणावेत तसे आकडे म्हणायच्या. त्यांच्याकडे बघून मला हसू यायचं आणि मी ते लपवतही नव्हते.

पण खरा तिटकारा मी राखून ठेवला होता नवऱ्यासाठी. तोंडावर मी त्याला 'तुमी'च म्हणते, कागदावर तेवढी सूट घेते. बी-बियाण्याचं दुकान बंद करून तो तसाच यायचा, अंगाला फवारणीच्या औषधाचा वास, पायात चामड्याची चप्पल. साध्या स्टेप जमायला दोन आठवडे लागले, म्हणजे मी शिकले आणि तो माझे पाय तुडवून शिकला.

मग सरांनी पुढची स्टेप काढली. एक-दोन-तीनला पुरुषानं बाजूला सरकून बाईला वाट द्यायची. चारला थांबायचं. पाच-सहा-सातला बाईनं त्याच्या समोरून, स्वतःभोवती एक गिरकी घेत पलीकडे जायचं. वाट द्यायची म्हणे, आणि ती यानं! बाजारात हा दहा पावलं पुढे चालणारा माणूस. तरी ती गिरकी मला हवी होती, लग्नातल्या शालूपेक्षाही जास्त हवी होती. एकदा तरी चारचौघांत यानं बाजूला व्हावं आणि मी पुढे जावं, एवढीच माझी हौस होती.

तीन आठवडे आमची टक्कर होत राहिली. दर वेळी सातच्या आकड्याला त्याची छाती माझ्या खांद्यावर आदळायची. मी सगळ्यांदेखत त्याचे वाभाडे काढायची. परत येताना गाडीवर मागं बसून त्याच्या पाठीला ऐकवायची, की जन्मात कधी कुणाला वाट दिली नाही, ती आता कुठून देणार, पालथ्या घड्यावर पाणी. तो खड्डे चुकवत गाडी चालवायचा. तेही मला मठ्ठपणाच वाटायचं.

शेवटच्या आठवड्यात सरांनी जोड्या बदलायला सांगितल्या. पण परक्या बाईचा हात धरायला एकही पुरुष धजेना, बायाही भिंतीला चिकटल्या. शेवटी सर स्वतःच बाई होऊन माझ्या नवऱ्यासमोर उभे राहिले. मी तमाशा बघायला खुर्ची पुढे ओढली.

तीनच्या आकड्याला नवरा अलगद बाजूला झाला. काळा शर्ट त्याच्या समोरून गिरकी घेत पलीकडे गेला. परत एकदा झालं, तसंच. तिसऱ्यांदा बायांनी टाळ्या वाजवल्या.

मग मला उभं केलं. या वेळी मी खाली, त्याच्या पायांकडे बघत राहिले. तीनला त्याची चप्पल बाजूला सरकली आणि माझ्यासमोर सगळी फरशी मोकळी झाली. माझे पाय जागचे हलले नाहीत. पाच गेला, सहा गेला. मी निघत नाही असं बघून तो मला घ्यायला परत आत आला, आणि टक्कर झाली.

"अवं, जाय ना," तो हळूच म्हणाला. "मी तं केव्हाचा बाजूले होऊन राह्यलो."

मला कारण लगेच कळलं. पुरुष कामाला निघाला की बाईनं त्याला आडवं जाऊ नये. सव्वीस वर्षं रोज सकाळी तो दुकानाला निघाला की मी स्वयंपाकघराच्या दारात थबकते, तो फाटकाबाहेर गेल्यावरच हलते. त्यानं मला हे कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या आईनं शिकवलं आणि मी प्रश्न न विचारता पाळलं. त्या जोडप्यांची, त्या सरांची कधी आली नसेल एवढी किळस मला त्या क्षणी स्वतःची आली.

आणखी दहा-बारा वेळा प्रयत्न केला. दर वेळी तो बाजूला झाला आणि दर वेळी मी थांबले. सर म्हणाले, गिरकी काढून टाकू, साध्या स्टेपवर भागेल.

दुसऱ्या दिवशी फोनवर लेकीला हे सांगितलं. तिनं विचारलं, गिरकी का काढून टाकली? नवरा शेजारीच चहा पीत बसला होता.

"तुया बाबाले जमलंच नाई," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि हो म्हणून मान हलवली.