सगळ्यांचे गेलेत

हॉलमध्ये नवा दिवा बसवून मुलगा स्टुलावरून उतरला. त्याने बटण दाबलं आणि खट्‌कन एमसीबी पडला. तो आवाज ऐकताच मी सवयीने गॅलरीत गेले, समोरच्यांचे लाइट आहेत का बघायला.

बिबवेवाडीच्या या घरात आम्ही नवे होतो, तेव्हा ह्यांनीही याच जागी झुंबर लावलं होतं. दिवसभर कारखान्यात उभं राहून आलेले, तरी हट्टाने. बटण बंद असलं की एमसीबी टिकायचा, दाबलं की पडायचा. "म्हणजे घोळ झुंबरातच आहे," असं पुटपुटत ते पुन्हा चढायचे, तारा सोडवायचे, टेप गुंडाळायचे. घामाचा आणि त्या काळ्या टेपचा वास घरभर. दर वेळी विचारायचे, "बघ गं, सगळ्यांचे गेलेत का?"

"नाही हो, आपलेच."

शेवटी टेप दोनदा त्यांच्या हातातून निसटली. मग मीच म्हणाले, "हो, सगळ्यांचे गेलेत."

ते उतरले, गॅलरीत येऊन खुर्चीत टेकले. समोरची अख्खी इमारत उजळलेली. तिच्याकडे बघत म्हणाले, "बरं झालं. चहा टाक."

सकाळच्या उजेडात सापडलं, झुंबर अडकवायच्या पट्टीच्या स्क्रूखाली तार चेमटली होती. तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, किती दमले होते.

"आई, सगळ्यांचे गेलेत का?" आतून मुलाचा थकलेला आवाज.

"हो रे. ये, बस जरा."

तो बाहेर आला. "अगं, समोर तर लख्ख दिसतंय!"

"तुझ्या बाबांना नव्हतं दिसलं."