मुहूर्ताचा कापूस

शोभाताईंच्या हातात कापूस पडला की त्यांचा स्वतःवर ताबा राहत नसे. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून त्या हळूच ताणायच्या, धाग्याची लांबी बघायच्या आणि मगच पुढचं बोलायच्या. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवर हे ठीकच. पण आमच्या देवघरातली वातसुद्धा त्यांनी एकदा उसवून पाहिली. "कवडी कापूस हाये, वहिनी. देवाले तरी चांगला वापरा," असं त्यांनी जाहीर केल्यावर आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

बी.कॉम. झाल्यावर वणीच्या ज्या जिनिंगमध्ये मी वर्षभर काम केलं, तिथल्या त्या व्यवस्थापक. कापसाच्या व्यापाराचंच व्यवस्थापन शिकवणारी पदव्युत्तर पदवी त्यांनी परराज्यात जाऊन घेतली होती. जिनिंगचे मालक शेठ त्यांना देवासारखं मानायचे आणि देवासारखंच जागेवरून हलू द्यायचे नाहीत.

वर्ष सरता सरता माझा दोन ठिकाणी नंबर लागला. नागपूरला शेतमालाच्या व्यापाराचं व्यवस्थापन आणि पुण्याला साधं, सगळ्यांचं असतं ते एमबीए. दसरा झाला की लगेच उत्तर कळवायचं होतं. बाबांचं एकच पालुपद, "शोभासारखी एका गोष्टीत पक्की व्हय." ताईंना विचारलं तर त्या टाळायच्या. "मुहूर्त होऊ दे, मंग बोलू."

दसऱ्याला हंगामाची पहिली गाडी येते. वजनकाट्याची पूजा होते, शेतकऱ्याला शेला-नारळ देतात आणि मुहूर्ताच्या त्या कापसाला कोणी नावं ठेवत नाही. रीतच आहे तशी. नारळ फुटला. शेठनी गाडीतला मूठभर कापूस प्रसादासारखा ताईंच्या हातावर ठेवला, आणि ताईंचे अंगठे जुळले.

"ओला हाये. ठेवला तं पिवळा पडन."

शेला पांघरलेला तो शेतकरी बिचारा खाली बघू लागला. शेठनी हसून सावरून घेतलं, "मनावर घेऊ नका भाऊ, आमच्या बाईले कापसाशिवाय दुसरं येतेच काय!" लोक खो खो हसले. ताई मात्र काटाघरात जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले.

"उन्हाळ्यात नागपूरच्या एका दवाखान्यात मॅनेजरच्या जागेसाठी गेलती मी," त्या म्हणाल्या. "त्यायनंही हेच विचारलं. कापसाशिवाय काय येते? मले उत्तरच नाही आलं."

"मंग मी काय करू, ताई?"

"एकच रस्ता ठाऊक असला का माणूस चुकत नाही. पण तिथंच फिरत राह्यते. तू पुण्याले जाय." त्या इतक्या तळमळीनं बोलल्या की मला रडू आलं. बाबांशी भांडून मी पुण्याला गेले.

आज मी पुण्यात एका कंपनीत आहे. आधी विक्री, मग भरती, आता वसुली. कुठेही बसवा, मी बसते. नोकरी बदलायला गेलं की समोरचा विचारतो, नेमकं काय करता? मला सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीत जिनिंगवर जाऊन ताईंना हे सांगितलं. त्यांचे केस पांढरे झालेत, खुर्ची तीच. वाटलं, हसण्यावारी नेतील. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी तुले चुकीचं सांगितलं?"

"नाही ताई," मी म्हणाले. मनातून मला त्यांचा राग आला होता आणि माया त्याहून जास्त वाटत होती.

बाहेर गाड्यांची रांग लागली होती. शेठ अंगणातून हाका मारत होते, "शोभाबाई, ओ शोभाबाई!" ताई उठल्या नाहीत. टेबलावरच्या नमुन्यातला कापूस त्यांनी माझ्या हातात दिला, माझे अंगठे धरून जुळवले.

"ओढ. हळू. एवढं तरी शिकून जाय."

मी ओढला. तो मधूनच तुटला.

शेठनी पुन्हा हाक मारली. ताईंनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घाई नको करू," त्या म्हणाल्या आणि नवी चिमूट माझ्या हातात ठेवली.