नावाचा रकाना

आमचं ऑफिस म्हणजे इंदिरानगरमधल्या एका रो-हाउसचा तळमजला. वर घरमालक राहायचे आणि त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या की आम्ही डबे उघडायचो. मुख्य ऑफिस पुण्याला होतं. औषधांच्या होलसेल दुकानदारांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. कुठलं औषध किती शिल्लक आहे, कुठल्या मालाची मुदत कधी संपते, कंपनीकडे परत काय पाठवायचं, असलं सगळं. नाशिकला आम्ही चौघं होतो. दोघं पुण्यात ट्रेनिंग घेऊन आलेले पुरुष, मी, आणि सगळ्यांत शेवटी आलेली येवल्याची एक मुलगी.

लिहिलेलं काम पुण्याच्या सर्व्हरवर पाठवायचं, त्याला आम्ही कमिट करणं म्हणायचो. सर्व्हर त्याची नोंद ठेवायचा. कोणी पाठवलं, कधी पाठवलं, आणि पाठवताना लिहिलेला एखाद्या ओळीचा निरोप. हा निरोप सुरुवातीला कोणी लिहायचंच नाही. मग पुण्याच्या सर्व्हरवाल्याने हुक बसवलं. हुक म्हणजे सर्व्हरवरच राहणारी एक छोटी स्क्रिप्ट. तुम्ही काम पाठवलं की सर्व्हर आधी तिला विचारतो, घेऊ का आत? ती नाही म्हणाली की काम दारातूनच परत. सोसायटीचा वॉचमन असतो तसंच, फक्त वॉचमनशी भांडता तरी येतं.

निरोप रिकामा असेल तर परत, एवढंच त्या हुकला कळायचं. मग आम्ही निरोप लिहू लागलो. ‘बदल’, ‘अजून बदल’, ‘शेवटचा बदल’, ‘खरंच शेवटचा’. आमच्यातल्या एकाने एकदा नुसतं ‘चहा’ लिहून पाठवलं, तेही हुकने मुकाट्याने आत घेतलं. आम्ही खूप हसलो होतो.

येवल्याच्या मुलीला मात्र स्वतःचं लॉगिनच नव्हतं. ते पुण्याहून मिळायचं. ते दोघं ट्रेनिंगला गेले तेव्हा त्यांची लॉगिनं तिथेच झाली, माझंही सुरुवातीलाच झालं. ही थेट नाशिकला लागली. तिच्या लॉगिनसाठी मी पुण्याला कितीदा तरी मेल टाकली आणि दर वेळी उत्तर यायचं, ‘होऊन जाईल.’ तोवर काम थोडंच थांबणार? माझ्या मशीनवर पासवर्ड सेव्ह केलेला होता. ती पेन ड्राइव्ह घेऊन यायची, म्हणायची, “ताई, उठता का जरा?” मी उठून चहाला जायचे, ती माझ्या खुर्चीत बसून कमिट करायची. यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. चहाची किटली सामाईक, गॅलरीची किल्ली सामाईक, तसं हे लॉगिन. पुण्याला मात्र नावाच्या रकान्यात माझंच नाव दिसत होतं.

ती फार मन लावून काम करायची. मुदत संपलेल्या औषधांचा जो भाग आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, तो सगळा तिने एकटीने लिहिला. आम्हा बाकीच्यांना त्या भागात हात घालायचा कंटाळा यायचा, कारण प्रत्येक औषध कंपनीचे परतीचे नियम वेगळे. ती दुकानदारांच्या शेजारी जाऊन बसायची, त्यांचं गाऱ्हाणं ऐकायची आणि मग लिहायची. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन ती नाशकात राहत होती. घरून तिला एवढंच सांगितलं होतं की नोकरी आहे तोवर राहा, नोकरी सुटली की घरी ये, मग स्थळं बघायची. नोकरी म्हणजे तिच्यासाठी नाशिकची ती खोली होती. हे ती अधूनमधून हसत हसत सांगायची, पण तिला त्याची धास्ती होती ते कळायचं.

मग पुण्याहून दुसरं हुक बसलं. हे हुक काम आत गेल्यावर चालायचं. कोणी काय पाठवलं त्याची मेल थेट पुण्याच्या साहेबांना जायची आणि महिनाअखेरीस त्याचा एक तक्ता व्हायचा. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तो साहेबांचा फोन आला तेव्हा. नाशिकचा एक माणूस कमी करायचा होता.

“मॅडम, तुमचं काम उत्तम आहे,” ते म्हणाले. “सगळ्यांत जास्त तुमचंच. पण त्या मुलीच्या नावावर काहीच नाही हो. एक ओळ नाही.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना सगळं सांगितलं. लॉगिन तुम्हीच दिलं नाही, ती माझ्या मशीनवरून पाठवायची, मुदतीचा अख्खा भाग तिचा आहे. बाकी दोघांनीही फोनवर येऊन तेच सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्ही एकमेकांना सांभाळून घेताय, ते चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण मला नोंदीवरच जावं लागेल. नोंद खोटं बोलत नाही.”

आता नोंद खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? मी फोन ठेवला तेव्हा ती माझ्या टेबलाशी उभी होती. तिने अर्धं ऐकलंच होतं.

“ताई, नाव बदलता नाय का येत?” तिने विचारलं. “तुमचं काढून माझं टाकायचं, बस.”

मला ते सुचलंच नव्हतं. मी सर्व्हरची माहिती वाचून बघितली, तर नोंदीतलं नाव नंतर बदलता येतं असं लिहिलेलं होतं. उत्साहाने बदलायला गेले तर सर्व्हरने परत पाठवलं. त्याचं म्हणणं असं की झालेल्या नोंदीत फेरफार करायची सोय इथे चालू नाही, ती हवी असेल तर त्यासाठीचं हुक बनवून घ्या. म्हणजे पहिलं हुक होतं म्हणून काम अडायचं, आणि हे हुक नव्हतं म्हणून अडलं. मी कपाळावर हात मारला.

सर्व्हरवाल्याला फोन केला. तो बिचारा भला माणूस. आधी म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. मी इतकी गयावया केली की माझं मलाच नवल वाटलं, कारण माझा स्वभाव भांडायचा, विनवण्या करायचा नाही. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, सर्व्हरबरोबर नमुन्याचं एक हुक तयार येतं, तेवढं चालू करून देतो. उद्या संध्याकाळी मात्र काढून टाकणार. याहून जास्त माझ्या हातात नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी मशीनसमोर बसलो. मी तिचं पहिलं काम शोधलं, माझं नाव खोडून तिचं टाकलं आणि पाठवलं. परत आलं. नमुन्याचं ते हुक फक्त निरोप बदलू द्यायचं. नावाला हात लावायला मनाई. मी सर्व्हरवाल्याला पुन्हा फोन लावला, तर म्हणाला, नावाचं करायचं तर स्क्रिप्ट बदलावी लागेल आणि ती मी लेखी परवानगीशिवाय बदलणार नाही. त्याचंही बरोबरच होतं. राग काढायला कोणी माणूसच सापडत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

मग मी ठरवलं, निरोप तर निरोप. तिच्या एकेका कामाचा निरोप उघडायचा, ‘बदल’, ‘अजून बदल’ खोडायचं आणि तिथे तिचं पूर्ण नाव घालून लिहायचं, हे काम हिचं आहे, माझ्या लॉगिनवरून पाठवलं. दुपारी लाइट गेली, भारनियमनाची वेळ होती. इन्व्हर्टर एका मशीनपुरता चालायचा, म्हणून ते दोघं आपापली मशीनं बंद करून बाहेर जाऊन बसले. ती शेजारी बसून मला आपलं काम ओळखून देत होती. “हे माझं. हे तुमचं ताई, हे नका घेऊ.” एकही काम तिने जास्तीचं घेतलं नाही. सगळं झाल्यावर तिने ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“लय भारी लिवलंय ताई,” ती म्हणाली. “पण हे वाचनार कोन?”

कोणीच वाचलं नाही. साहेबांच्या तक्त्याला फक्त नावाचा रकाना कळायचा. मी त्यांना मेल टाकली, निरोप उघडून बघा म्हणून. उत्तर आलं की निर्णय झाला आहे. संध्याकाळी सर्व्हरवाल्याने हुक काढून टाकलं आणि महिना संपता संपता ती गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले होते. येवल्याची एसटी लागली तेव्हा तिनेच माझी समजूत घातली, “जाऊ द्या वो ताई, तुम्ही काय कमी केलं का?” मला रडू फुटलं. ती रडली नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका दुकानदाराची तक्रार आली. मुदत संपलेलं औषध सॉफ्टवेअर चांगल्या मालात दाखवत होतं. सुदैवाने ते दुकानातच लक्षात आलं. साहेबांचा फोन आला, आवाज चढलेला. मी नोंदी आधीच तपासल्या होत्या. तिने लिहिलेलं बरोबर होतं. नंतर पुण्यातल्याच कोणीतरी तारीख लिहायची पद्धत बदलली आणि त्यात ते बिघडलं होतं. मी तसं सांगू लागले.

“ते राहू दे मॅडम,” साहेब म्हणाले. “मी स्वतः उघडून बघितलंय. हा भाग त्या मुलीचा आहे.”

“नावाच्या रकान्यात तर माझं नाव आहे,” मी म्हटलं. “आणि नोंद खोटं बोलत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

ते हसले. “अहो, पण निरोपात तुम्हीच लिहिलंय ना, हे काम हिचं म्हणून? पान भरून लिहिलंय. किती पांघरूण घालाल तिच्यावर? बरं झालं, वेळेवर सोडलं तिला.”

मी भांडले. माझी चूक समजा, मला बोला, असंही म्हणाले. तारखेचा तो बदल ज्या नोंदीत होता तिचा क्रमांक पाठवला. त्यावर कधीच काही उत्तर आलं नाही. मग निदान ते निरोप तरी पुसावेत म्हणून मी बसले, तर सर्व्हरने परत तेच सांगितलं, फेरफाराची सोय चालू नाही. सर्व्हरवाला नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, झालेली नोंद आम्ही बदलत नाही. मी हात टेकले.

त्याच आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. आवाजावरूनच खूश वाटत होती. मागे कुठे बाजाराची गडबड ऐकू येत होती, तिला ओरडून बोलावं लागत होतं.

“ताई, नाशकात एका कंपनीत झालं बघा माझं! समदे इंटरव्ह्यू झाले. फक्त आधीच्या कामाची चौकशी राह्यलीय.”

“छान झालं गं,” मी म्हटलं.

“त्यांनी इचारलं, काय काम केलं त्याचा पुरावा काय? मी म्हनलं, पुण्याच्या साहेबांना इचारा. तिथं सर्व्हरवर आमच्या ताईंनी माझं नाव लिवून ठेवलंय, उघडून बघायला सांगा त्यांना. आत्ताच फोन लावतायत ते पुण्याला.” ती हसली. “तवा मी म्हनले होते ना, कोन वाचनार? तुम्ही लिवलं म्हनून आता कामाला आलं बघा. हाय ना ताई अजून ते तिथं? कोनी पुसलं तर नाय ना?”

“नाही,” मी म्हटलं. “कोणी पुसलं नाही.”