रेडकरांचा शंभर मीटर दोर

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात सतीश रेडकर गेली बावीस वर्षं दोर विकतात. नुसतं ‘दोर द्या’ म्हटलेलं मात्र त्यांना अजिबात खपत नाही. कुठला दोर? क्रेनचा पोलादी की बोट बांधायचा? पाण्यावर तरंगणारा हवा की भार पडल्यावर जरासा लांबून झटका पचवणारा? समोरच्या बिचाऱ्याला बाल्कनीत चार टॉवेल वाळत घालायचे असतात. पण रेडकर त्याला खुर्ची देतात, चहा मागवतात आणि थेट काथ्यापासून सुरुवात करतात. शेवटी माणूस दोर घेऊनच उठतो, कारण घेतल्याशिवाय सुटका नसते.

त्यांचा सगळ्यात लाडका माल म्हणजे टॉवरच्या काचा पुसणारी, भिंती तपासणारी माणसं ज्यावर लटकतात तो दोर. करंगळीएवढा जाड. आत नायलॉनच्या पांढऱ्या धाग्यांचा गाभा आणि वरून घट्ट विणलेलं आवरण. वजन गाभ्याने पेलायचं आणि गाभ्याला आवरणाने जपायचं, असं ते गिऱ्हाइकाच्या हातात तुकडा देऊन समजावतात. हा दोर तुटायला तीन टन लागतात, आपण टांगणार शंभर किलोचा माणूस, मग उरलेली ताकद कशाला? तर ती उन्हाला, वाऱ्याला आणि परचेस मॅनेजरच्या काटकसरीला. इथे गिऱ्हाईक हसतं आणि ऑर्डर पक्की होते.

गल्लीपलीकडच्या गाळ्यातही दोरच विकतात, आणि ते रेडकरांचं जुनं दुखणं. त्यांच्या दोरावर मी बनियनसुद्धा वाळत घालणार नाही, असं त्यांनी निम्म्या शारजाला ऐकवलं आहे. तो दोर उन्हात कडक होतो, त्याचं आवरण गाभ्यावरून सरकतं, एक ना दोन. खरं सांगायचं तर त्या दोरालाही तेच सर्टिफिकेट आहे आणि हे रेडकरांना पक्कं ठाऊक आहे. पण धंदा आहे, चालायचंच.

तर अशा या रेडकरांची मुलगी मिहिका. जन्म इथलाच, घर दुबईत अल बर्शाला, मेकॅनिकलची डिग्री. आता पोरगी एसी ऑफिसात बसेल, असं रेडकर धरून चालले होते. पोरीने परस्पर दोरावर लटकून काम करण्याचं ट्रेनिंग घेतलं, परीक्षा पास झाली आणि टॉवरच्या बाहेरच्या भिंती तपासणाऱ्या कंपनीत लागलीसुद्धा. एका मंगळवारी जेवताना तिने सांगितलं, की येत्या सोमवारी पंचविसाव्या मजल्यावरून पहिल्यांदा खाली उतरायचं आहे. तिच्या आईचा, अर्चनाताईंचा, डाव आमटीतच थांबला. पण बाई खंबीर. हेल्मेटखाली मानेवर ऊन लागतं का, एवढंच त्यांनी विचारलं.  रेडकरांनी मात्र वाऱ्याचं काढलं, उन्हाचं काढलं, मुलीच्या जातीला हे शोभतं का असंही काढून पाहिलं आणि त्याबद्दल अर्चनाताईंकडून व्यवस्थित ऐकून घेतलं. मिहिका शांतपणे पाणी प्यायली आणि म्हणाली, “बाबा, यू सेल द रोप.”

निम्म्या दुबईला ज्यांनी आपल्या दोरावर बिनधास्त टांगलं, त्या रेडकरांना आता स्वतःच्याच डेटाशीटवर विश्वास वाटेना. तीन टन, तीन टन असं त्यांनी मनात दहादा म्हणून पाहिलं. पण भीती टन-बिन काही मानत नव्हती.

बुधवारी सकाळी मोईन मुकादमचा फोन आला. हा मिहिकाच्या कंपनीतला सेफ्टी सुपरवायझर. मूळचा श्रीवर्धनचा, त्यामुळे दोघांचं बोलणं मराठीत. सोमवारच्या कामासाठी शंभर मीटरची चार बंडलं हवी होती. रेडकर म्हणाले, “स्टॉक खलास, मोईनभाई. पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला.” बारा बंडलं त्यांच्या मागच्या रॅकवर होती. बोलताना त्यांनी तिकडे पाठ केली होती एवढंच. चार हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ लाखभर रुपये, त्यांनी हसत सोडून दिले. हिशेब सरळ होता: दोर नाही तर काम नाही. महिनाभरात पोरगी दुसरं काहीतरी शोधेल. त्या दिवशी रेडकर इतके खुशीत होते, की टॉवेलवाल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी काथ्याचं न ऐकवताच सोडलं.

गुरुवारी दुपारी पुन्हा मोईनचा फोन. “सतीशभाई, टेन्शन घेऊ नका. तुमच्या समोरच्याकडून उचलला. सकाळीच आला.”

रेडकरांच्या तोंडचं पाणी पळालं. अहो, हा साधा विचार बावीस वर्षांच्या दुकानदाराला सुचू नये? एकाने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक गल्ली ओलांडतं. आपल्याच हाताने त्यांनी लेकीला समोरच्याच्या दोरावर चढवलं होतं. उन्हात कडक होणं, आवरण सरकणं, जे जे म्हणून त्यांनी पसरवलं होतं, ते सगळं आता त्यांच्याच कानात वाजायला लागलं. अर्धं आपणच रचलेलं आहे हे आठवूनही काही उपयोग होईना. त्यांनी चार बंडलं गाडीत टाकली आणि ते दुबईच्या रस्त्याला लागले. त्या ट्रॅफिकमध्ये शिरणं म्हणजे काय, हे शारजात राहणाऱ्याला सांगायला नको. दोन तासांत त्यांनी मोईनला सांगायची पाच कारणं जुळवली आणि पाचही मोडीत काढली.

कंपनीच्या गोदामात मोईन होता आणि जमिनीवर मांडी घालून मिहिकाही बसली होती. कुठून आला माल, असं मोईनने विचारलं. रेडकरांनी सहावं कारण काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिहिका म्हणाली, की ऑर्डर बाबांना द्या हे तिनेच सुचवलं होतं. माझे बाबा दोराबद्दल खोटं बोलत नाहीत, असं तिने मोईनला सांगितलं होतं.

रेडकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “स्टॉक होता,” ते म्हणाले. “तू लटकू नयेस म्हणून मी खोटं बोललो. मला भीती वाटते गं.”

मिहिकाने त्यांच्या हातातलं पहिलं बंडल ओढलं, सोडवलं आणि दोराचं टोक बोटांत धरलं. नवा आहे, आजच काढलाय, सर्टिफिकेट पिशवीत आहे, असं रेडकर घाईने सांगायला लागले.

“डोन्ट टॉक, बाबा. मला हाताने बघू दे.”

मग ती वीतभर दोर वाकवायची, दाबायची, बोटांनी फिरवून बघायची आणि पुढे सरकवायची. पुन्हा वीतभर. दहा मीटर, वीस मीटर. रेडकरांना आधी रागच आला. बावीस वर्षांचं नाव, त्यात सख्खा बाप, आणि ही पोर माल चाचपून बघते? मग ते एका उलट्या बादलीवर बसले आणि बघत राहिले. लाखो मीटर दोर विकला, पण एक आख्खं बंडल असं हातातून कधी काढलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

पासष्टाव्या मीटरला तिची बोटं थांबली. ती थोडी मागे गेली आणि तिने दोर वाकवला. आवरणावर नखाएवढी चीर होती आणि आतला पांढरा गाभा जेमतेम दिसत होता. रेडकरांना एकदम आठवलं. निघायच्या घाईत वरचं प्लास्टिक त्यांनीच कटरने फाडलं होतं. पातं आत गेलं असणार.

मोईन समजुतीने म्हणाला, की गाभा शाबूत आहे, सतीशभाईंचा माल आहे, चालून जाईल. मिहिकाने मान हलवली. लाल टॅगवर तिने काहीतरी लिहिलं, तो दोराला बांधला आणि आख्खं बंडल वडलांच्या मांडीवर ठेवलं. “धिस वन इज आउट, बाबा. दुसरा द्या.” वर हेही सांगितलं, की समोरच्याचे दोन बघून झालेत, दोन्ही पास.

एरवी परत आलेल्या मालावरून गिऱ्हाईक रडकुंडीला येईपर्यंत भांडणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने दुसरं बंडल पुढे केलं, लाल टॅगवालं छातीशी धरलं आणि बाहेर जाऊन अर्चनाताईंना फोन लावला.

“अगं, मिहिकाने माझा दोर परत केला.”

नवऱ्याचा आवाज ओला झालेला ऐकून त्या बिचाऱ्या समजूत घालायला लागल्या. लहान आहे, तिला काय कळतंय, मनावर घेऊ नका.

“मनावर काय घेऊ नका? अगं, ती माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही,” रेडकर म्हणाले. “दोर कुणाचाही असू दे. सोमवारी जाऊ दे तिला कामावर.”